विंडोज का सोडलंत? तुम्ही विचारलंत म्हणून

‘विंडोजवर सगळे नीट चालले असताना तुम्ही लिनक्सच्या मागे का लागलात?’ हा प्रश्न मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखानदारांपासून घरी येणाऱ्या पाहुण्यांपर्यंत सगळेच विचारतात, आणि ‘फुकट मिळते म्हणून ना?’ असे उत्तरही बहुतेक जण स्वतःच देऊन टाकतात. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली, आणि ती फुकट मिळते हे खरे; पण पैसा हे कारण नव्हते. जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या संगणकभाषेत ओळींना आकडे देऊन पहिले प्रोग्रॅम लिहिले, तेव्हापासून या नादापायी मी पदरचे पैसे घालतच आलो आहे. खरे कारण अण्णांच्या वह्या हे आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करणारे कारागीर होते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसते, तेव्हा लाकडी पॅटर्नचे माप किती वाढवून धरायचे, ओतीव भागात पोकळी ठेवणाऱ्या कोअरला आधार कुठे द्यायचा, कोणते लाकूड पावसाळ्यात फुगते, हे सगळे त्यांनी ऑइल इंजिनांच्या भागांचे पॅटर्न करता करता वह्यांत टिपून ठेवले होते. नव्वदच्या दशकात मी त्या वह्या संगणकावर उतरवून काढल्या. त्यासाठी मराठी टायपिंगचे जे पॅकेज घेतले होते, ते चालायला संगणकाच्या प्रिंटर पोर्टला एक लहानसे कुलूप लावावे लागे. कुलूप नसेल तर पॅकेजचे फॉन्ट उघडत नसत.

२००५ च्या पुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पंचगंगेचे पाणी शिरले आणि वह्यांचा लगदा झाला. फाइली मात्र शाबूत होत्या, म्हणून मी निर्धास्त होतो. पुढे जुना संगणक बंद पडला, नव्याला ते पोर्टच नव्हते, आणि विक्रेत्याने जी नवी आवृत्ती घ्यायला सांगितली तिच्यात जुन्या फाइली लागेनात. अण्णांना एका प्रकरणात दुरुस्ती करायची होती. मी फाइल उघडली, तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरे आणि निरर्थक चिन्हे. अण्णा चष्मा लावून बराच वेळ त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मी सांगितलेलं आत हाय न्हवं? मग भाईर काढ की!” त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तसा अपमान मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या गोष्टीने वाटलेला नाही.

उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या सीडी त्या काळात टपालाने घरपोच येत. त्यातली एक लावली आणि फाइलीतला एकेक बाइट, म्हणजे अक्षरामागचा आकडा, उघडा करून पाहायला लागलो. पूर्वी काढलेल्या काही पानांच्या छापील प्रती कपाटात वर असल्यामुळे वाचल्या होत्या. त्या शेजारी ठेवून कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ता केला. तक्ता झाला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. त्या फॉन्टमध्ये अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली होती आणि युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, ती उच्चाराच्या क्रमाने साठवतात. त्यामुळे ‘विहीर’मधली पहिली वेलांटी उचलून ‘व’च्या नंतर न्यावी लागे, ‘सर्व’मधला रफार शेवटी असे, तो पुढे आणून ‘व’च्या आधी ‘र्’ म्हणून बसवावा लागे. ‘ग’सुद्धा अर्धा ‘ग्’ आणि एक दांडी असा दोन तुकड्यांत होता, आणि तीच दांडी काना म्हणूनही वापरलेली होती. ही सगळी अदलाबदल करणारा, पायथन या संगणकभाषेतला प्रोग्रॅम मी रात्री जागून लिहिला. दुरुस्तीचे प्रकरण आधी सोडवले आणि मोठ्या टाइपात छापून अण्णांच्या हातात दिले. बाकीची प्रकरणे पुरी होईपर्यंत ते राहिले नाहीत.

हे सगळे विंडोजवर झाले नसते का? झाले असते. पायथन तिथेही चालते, आणि विंडोज २००० पासून युनिकोडमधली देवनागरी तिथेही आहे. शिवाय ते कुलूप काही विंडोजने लावलेले नव्हते. एवढे मान्य करूनही मी परत गेलो नाही, कारण त्यानंतर ज्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती आहे अशा कशावरही माझा जीव रमेना. हा तर्क नाही, हे मला समजते. पॅकेज घेऊन आलेला तरुणपणीचा मी आजही माझ्याशी भांडतो: देवनागरीसाठी १९९१ मध्ये सरकारी प्रमाणसंकेत ठरला होता हे खरे, पण टायपिंगच्या दुकानांत आणि छापखान्यांत चालत होते ते असलेच फॉन्ट; ते घेतले नसते तर वह्या टाइपच झाल्या नसत्या आणि पुराबरोबर सगळेच गेले असते. त्याला मी अजून खोडून काढू शकलेलो नाही.

म्हणून मी कुणाला ‘बदला’ असे सांगत नाही. भाच्याच्या कारखान्यात हिशेब आणि ड्रॉइंग विंडोजवरच होते आणि त्याचे तिथे काही अडत नाही. उलट तोच मला विचारतो, “मामा, तुमच्या फोनमधले फोटो कुणाच्या कुलपात आहेत?” त्याचे म्हणणे बिनतोड आहे. अण्णांच्या नोंदी तेवढ्या मी साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवल्या आहेत आणि त्यांची एक प्रत त्याच्याही संगणकावर घातली आहे. अजून काही ठिकाणी रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, ती पाने हाताने तपासायची राहिली आहेत.