हेस्टिंग्ज स्ट्रीट, १:८७ : नोंद तिसरी

अमेरिकेतील डेट्रॉईट शहराच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या एका तुकड्याची प्रतिकृती १:८७ या प्रमाणात, म्हणजे मूळच्या ८७ पट लहान, उभी करण्याचे काम आता निम्म्यावर आले आहे. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाने फेब्रुवारीतील प्रदर्शनासाठी चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा दिली असून तेवढ्या फळीवर मूळ रस्त्याचा ३४८ फुटांचा पट्टा बसतो. ठरवलेल्या अकरा इमारतींपैकी सहा उभ्या राहिल्या आहेत. त्यांतली एक मी पाडून पुन्हा बांधली. त्याचे कारण पुढे येईलच.

पहिल्या दोन नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. हेस्टिंग्ज हा ब्लॅक बॉटम या वस्तीचा बाजाररस्ता. वस्तीचे नाव फ्रेंच शेतकऱ्यांनी तिथल्या काळ्या कसदार मातीवरून दिलेले आहे, माणसांच्या वर्णावरून नाही. दक्षिणेकडून कारखान्यांच्या ओढीने आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना शहरात इतरत्र घरे मिळू दिली जात नव्हती, म्हणून ती इथे दाटीवाटीने राहिली आणि त्यांनी दुकाने, चर्च, दवाखाने, क्लब असे सगळे स्वतःचे उभे केले. १९५० च्या दशकात शहराने ‘नूतनीकरणा’च्या नावाखाली वस्ती पाडली. मोकळी केलेली जमीन कित्येक वर्षे तशीच पडून राहिली, नंतर तिथे वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे यांची लाफायेट पार्क ही निवासी वसाहत आली आणि खुद्द हेस्टिंग्जवरून क्रायस्लर फ्रीवे हा महामार्ग गेला.

२०१९ च्या सुरुवातीला डेट्रॉईटच्या मुख्य वाचनालयात एमिली कुटिल या डिझायनर बाईंनी या वस्तीतील घरांचे जुने फोटो शेजारी शेजारी जोडून रस्तेच्या रस्ते पुन्हा मांडले होते, आणि प्रेक्षक त्या रस्त्यांमधून चालत जात. माझ्या कामाची प्रेरणा तीच. ते फोटो त्याच वाचनालयाच्या बर्टन संग्रहात जपलेले आहेत. जमीन ताब्यात घेण्याच्या कारवाईसाठी शहरानेच ते १९४९-५० च्या सुमारास काढवले होते.

मोजमापांसाठी मुख्य आधार सॅनबॉर्न कंपनीच्या अग्निविमा नकाशांचा. त्यांत एका इंचाला पन्नास फूट, म्हणजे १:६०० असे प्रमाण असते, त्यामुळे नकाशा ६.९ पट मोठा करून छापला की इमारतीचा पाया थेट फळीवर आखता येतो. रंगीत पानांवर गुलाबी म्हणजे विटांची इमारत, पिवळी म्हणजे लाकडी, आणि मजल्यांची संख्या आकड्याने लिहिलेली असते. दर्शनी भागाची उंची मात्र फोटोतूनच काढावी लागते. त्यासाठी मी विटांचे थर मोजतो. नेहमीच्या अमेरिकन विटांचे तीन थर सांध्यांतील मसाल्यासह आठ इंच भरतात, म्हणजे चोपन्न थर मोजले की बारा फूट, आणि आपल्या प्रमाणात ४२ मिलिमीटर. लाकडी घरांच्या आडव्या फळ्यांसाठी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर १.२ मिलिमीटरच्या अंतराने सुईने रेघा ओढल्या. एका घराला दोन संध्याकाळी लागतात, पण हे काम घाईने करण्यासारखे नाहीच.

आता पाडलेल्या घराविषयी. आपल्यापैकी, म्हणजे प्रतिकृती करणाऱ्यांपैकी, बहुतेकांना वेदरिंगचा, म्हणजे रंगाने जुनेपणा आणि झीज दाखवण्याचा सोस असतो, मलाही आहे. पहिल्या लाकडी घरावर मी पोपडे, गंज, ओलीचे डाग मनसोक्त चढवले आणि ते घर खरोखर देखणे झाले. मग शेजारी ठेवण्यासाठी फोटोची स्कॅन प्रत मोठी करून पाहिली, तेव्हा खिडकीतले चुणीदार पडदे दिसले, ओसरीच्या कठड्यावरच्या डब्यांतली रोपे दिसली, झाडून काढलेल्या पायऱ्या दिसल्या. रंग उडालेला होता, हे खरे. परंतु घर मोडकळीला आलेले नव्हते. ही घरे राहण्यालायक नाहीत असे सांगूनच ती पाडली गेली, आणि मी नकळत माझ्या ब्रशने तेच सांगत होतो. म्हणून ते घर मी पाडून पुन्हा बांधले. आता डाग फक्त फोटोत दिसतात तिथेच, आणि प्रत्येक घराच्या ओसरीवर त्या घरच्या माणसांनी केलेले काहीतरी असावे असा नियम ठेवला आहे.

रंगांची अडचण निराळी आहे, कारण फोटो कृष्णधवल आहेत. रंगवलेल्या भिंतीचा फोनवर कृष्णधवल फोटो काढून तो मूळ फोटोच्या छटेशी ताडून पाहतो. त्यातून रंग किती गडद हवा ते कळते, तो हिरवा की तपकिरी हे मात्र कळत नाही. त्या काळच्या रंगपत्रिकांतल्या छटांपैकी जी जुळते ती घेतो आणि प्रदर्शनाच्या पाटीवर तसे स्पष्ट लिहिणार आहे.

एक मोह मात्र टाळला. जो व्हॉन बॅटल यांचे १९४५ साली सुरू झालेले रेकॉर्डचे दुकान ३५३० हेस्टिंग्ज येथे होते. याच रस्त्यावरच्या न्यू बेथेल चर्चमधील धर्मोपदेशक सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचने व्हॉन बॅटल यांनी ध्वनिमुद्रित करून विकली, आणि फ्रँकलिन यांची किशोरवयीन मुलगी, पुढे प्रसिद्ध गायिका झालेली अरेथा, हिचे गाणेही. पण ते दुकान माझ्या पट्ट्यापासून बरेच उत्तरेला आहे. रेल्वेच्या प्रतिकृतींच्या मांडणीत आपण अंतरे सर्रास आकसून घेतो, इथे मला ते पटले नाही. म्हणून त्याच्यासाठी सहा इंचांची वेगळी फळी कापली आहे, तिच्यावर दुकानाचा पत्ता असेल. येत्या रविवारी काचेमागच्या रेकॉर्डांची वेष्टने छापायची आहेत. दहा इंची रेकॉर्डचे वेष्टन आपल्या प्रमाणात जेमतेम तीन मिलिमीटरचे होते. इतक्या लहान कागदाच्या कडा पांढऱ्या न राहता कशा रंगवाव्यात, हे कोणी करून पाहिले असेल तर अवश्य कळवावे.