सात पुसून आठ

१७ सप्टेंबर, रात्री साडेदहा

सकाळी झेंडावंदन झालं, मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं झाली. तिथं भिंतीवरच्या फळ्याकडं नजर गेली आणि हदगाव तालुक्यातली आमची शाळा आठवली.

आठवीत खो-खोच्या निवडीत मी पहिल्याच दिवशी बाद झालो. खो मिळायच्या आधीच उठायचो. सर म्हणाले, "तुझं अक्षर बरंय, तू फळा धर." लई राग आला होता. खो-खोवाली पोरं एसटीनं जिल्ह्याला जायची, वर केळी मिळायची. फळेवाल्याला काय, तर नाकातोंडात खडू.

पण दोन वर्षं तो फळा सोडला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कोळसा आणि हिरवा पाला घासून तो काळाभोर करायचा. सुतळी भुकटीत घोळवून दोघांनी ताणून धरायची, मधोमध टिचकी मारली की सरळ रेघ उठायची. खडू पाण्यात बुडवून लिहिलं तर ओलं असताना काहीच दिसत नाही, वाळल्यावर अक्षर पांढरंशुभ्र उमटतं. त्यामुळं चूकही वाळल्यावरच कळते. वर सुविचार, मध्ये दिनविशेष, खाली रेडिओवर ऐकलेल्या चार बातम्या. (सुविचार मी पुष्कळदा पदरचेच लिहायचो, कुणी पकडलं नाही.)

नववीत याच दिवशी मी मोठ्या ठसक्यात लिहिलं: 'मराठवाडा मुक्त झाला, १७ सप्टेंबर १९४७'. झेंड्याला गावातले एक स्वातंत्र्यसैनिक आले होते. फळ्यापाशी थांबले. सरांना हाक नाही, मला रागावणं नाही. बोट थुंकीनं ओलं केलं, सात पुसला, माझ्या हातातला खडू घेऊन आठ काढला. हात थरथरत होता, आठ वाकडाच आला.

"पोरा, मधी तेरा महिने हायेत," एवढंच म्हणाले.

मग झाडाखाली बसून त्यांनी ते तेरा महिने सांगितले. पैनगंगेच्या पलीकडं देश स्वतंत्र झालेला, अलीकडं निजामाचं राज्य. तिकडं तिरंगा फडकतोय आणि इकडं लावला की तुरुंग. निजामाच्या बाजूनं हत्यार उचललेल्या रझाकारांच्या भीतीनं माणसं रात्री नदी उतरायची. ते स्वतः नदीपलीकडं उमरखेडला, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात होते. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा आत शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला. पुस्तकात हे दीड ओळीत होतं. मी ते वाचलंही होतं, तरी हात सवयीनं सत्तेचाळीसवरच गेला.

तो वाकडा आठ मी दुसऱ्या दिवशीही पुसला नाही. सरांनी विचारलं, फळा का बदलला नाही? काहीतरी थाप मारली.

आज दुपारी अतिवृष्टीच्या मदतीच्या याद्या घेऊन बसलो होतो. सोयाबीन गेलेल्यांची नावं, गट नंबर, खाते नंबर. एका खात्यात हातानं लिहिलेला आकडा, १ की ९ कळेना. बाजूचा म्हणाला, "टाक एक, चुकलं तर परत येईल की." परत येईल, पण कधी? दिवाळीनंतर? फोन लावला. माणूस गुडघाभर चिखलात, वाचता येत नाही म्हणाला. नातीला पासबुक घेऊन बोलावलं.

नऊच होता. तिच्याकडून दोनदा वदवून घेतला.