पत कोणाच्या नावावर जमा होते?

माझ्या नोकरीची ३४ वर्षे बँकेत गेली आणि त्यांतली निम्मी कर्ज विभागात. समोर बसलेल्या माणसाला कर्ज द्यावे की नाही, हे ठरवताना आम्ही त्याचा मागचा व्यवहार पाहत असू: विक्रीच्या नोंदी, भाडेकरार, विजेची बिले, आधीच्या हप्त्यांची फेड. ज्याच्या मागे असे कागद नाहीत त्याला पत नाही, असे मी कित्येक वर्षे मनापासून मानत होतो. ती समजूत किती अपुरी होती, हे मला आमच्या शेजारच्या एका सिंधी कुटुंबामुळे कळले.

हे कुटुंब २००८ मध्ये पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातील जेकबाबादहून इंदूरला आले. १९६५ च्या युद्धात बंद पडलेला मुनाबाव-खोक्रापार रेल्वेमार्ग २००६ मध्ये पुन्हा खुला झाला होता. त्या मार्गावरच्या थार एक्सप्रेसने नवरा-बायको, म्हातारी आई आणि दोन मुले जोधपूरला उतरली आणि तिथून इकडे आली, कारण सिंधी कॉलनीत त्यांच्या आत्याचे घर होते. तिकडे त्यांचे स्वतःचे किराणा दुकान होते. इथे पहिले वर्ष त्या गृहस्थांनी सियागंजच्या ठोक बाजारात दुसऱ्याच्या गोदामात तराजूवर उभे राहून काढले आणि त्यांच्या पत्नीने घरोघर देण्यासाठी पापड लाटले. पुढे त्याच ठोक व्यापाऱ्याने त्यांना बिस्किटे, साबण आणि चहाची पुडकी उधारीवर दिली. ती सायकलवर लादून ते पाटनीपुरा, नंदानगर अशा जुन्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांतल्या छोट्या दुकानांना माल पोहोचवू लागले. सोमवारी उचललेल्या मालाचे पैसे शनिवारी चुकते करायचे, आणि रुपयामागे जे दोन-तीन पैसे सुटतील त्यांवर घर चालवायचे, असा तो व्यवहार होता. एकही शनिवार चुकला नाही, असे त्या व्यापाऱ्याने मला नंतर सांगितले.

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या या माणसाच्या हाती पाकिस्तानी पासपोर्ट होता, त्यामुळे त्याचे काहीच त्याच्या नावावर नव्हते. मोबाइलचे सिमकार्ड, दुकानाचा भाडेकरार आणि स्कूटर आत्येभावाच्या नावावर, तर विजेचा मीटर घरमालकाच्या नावावर होता. रोज पहाटे उठून विश्वास कमवायचे त्याने, आणि त्या विश्वासाची नोंद व्हायची दुसऱ्याच्या खात्यात. दहा वर्षे वेळेवर भाडे भरूनही कागदावर त्याने एकही महिना भाडे भरलेले नव्हते.

२००९ मध्ये बचत खाते उघडण्यासाठी ते माझ्याच शाखेत आले होते. पासपोर्ट पाहून मी त्यांना सांगितले की, यासाठी वरून परवानगी आणावी लागेल. ती आणण्याची खटपट मी करू शकलो असतो, पण केली नाही. ते शांतपणे ‘ठीक है, भाईसाहब’ म्हणाले आणि पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून निघून गेले. त्यांच्या गावापासून जवळच असलेल्या शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या एकेकाळी मध्य आशियापर्यंत वटत असत, हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्या प्रदेशातला माणूस पत म्हणजे काय हे न जाणता माझ्यासमोर बसला नव्हता, आणि ही गोष्ट आजही मला बोचते.

आमच्याकडे सिंधी समाजाच्या कष्टाळूपणाचे कौतुक सगळेच करतात. १९४७ नंतर आलेल्यांनी स्वतःला शरणार्थी न म्हणवता पुरुषार्थी म्हणवले, फेरी मारली, कमी नफ्यावर जास्त माल विकला आणि पाहता पाहता बाजारपेठा उभ्या केल्या, हे खरेच आहे. परंतु या कौतुकात एक बाब नेहमी सुटते. राज्यघटनेच्या ६ व्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना आपोआप आणि त्यानंतर आलेल्यांना नोंदणी करून नागरिक मानले. १९५० च्या कायद्याने त्यांनी मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवून घेतले आणि १९५४ च्या कायद्याने त्यांची भरपाई ठरवली. ती भरपाई अपुरी होती, तिला विलंबही झाला, पण फेरीवाल्याने कमावलेला पहिला रुपया त्याच्या स्वतःच्या नावावर जमा होऊ शकत होता. साठ वर्षांनंतर आलेल्या माझ्या शेजाऱ्याची मेहनत तेवढीच होती, फक्त हा आधार नव्हता. आम्हा इंदूरच्या मराठी लोकांना तर हे सहज कळायला हवे. आमचे पूर्वजही बाहेरूनच आले, पण होळकरांच्या पदरी आले, आणि अनेकांना सनदा मिळाल्या.

तिबेटी लोकांकडे पाहिले की आणखी एक वाट दिसते. १९५९ नंतर आलेल्या या समाजातली कितीतरी कुटुंबे दर हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकतात, आणि तो माल बहुतांशी लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचलतात. एकाने बुडवले तर साऱ्यांची उधारी बंद होईल, हे प्रत्येकाला ठाऊक असते, म्हणून समाजच जामीनदार होतो. ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते, पण तिच्यावर सगळा भार टाकून शासनाने मोकळे होणे मला पटत नाही. समाजाच्या जामिनावर स्वेटरांचे गठ्ठे मिळतात, घरासाठी कर्ज मिळत नाही.

आपण १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथे आलेल्याचे जगणे व्हिसाच्या प्रकारावर आणि वेळोवेळी निघणाऱ्या आदेशांवर ठरते. २०१६ चे आदेश मात्र खरोखर उपयोगी पडले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या, शेजारी देशांतल्या अल्पसंख्याकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना आणि स्वतःचा धंदा करण्याची मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ज्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व नोंदणीचे अधिकार मिळाले त्यांत इंदूरचेही होते. शिकलेल्यांची अडचण आणखी निराळी होती. सिंधमधून आलेल्या डॉक्टरांना इथे दवाखाना थाटता येत नव्हता. त्यांच्याकडून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोंदणीसाठीच्या परीक्षेचे अर्ज मागवले ते थेट २०२२ मध्ये. इतकी वर्षे हातातली विद्या न वापरलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसणे किती जड जात असेल, याची कल्पना करावी.

शेजाऱ्यांचे खाते २०१७ मध्ये उघडले. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण अर्ज भरायला सोबत गेलो. पुढे नागरिकत्व मिळाले आणि ५०,००० रुपयांचे मुद्रा कर्ज मागायला ते गेले, तेव्हा त्यांच्या नावे जेमतेम दोन वर्षांचा इतिहास होता. त्याआधीची सारी वर्षे आत्येभावाच्या कामी आली होती. कर्ज मिळाले, आणि हप्ते शनिवारच्या हिशेबासारखेच वेळेवर गेले.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असा खुलासा लवकरच आला, तरी ते चार-पाच दिवस त्यांच्या दुकानात नव्याने आलेल्या लोकांची सारखी ये-जा होती, आणि प्रत्येकाच्या हातात तशीच प्लॅस्टिकची पिशवी होती.

त्यांतल्याच एका तरुणाला ते आता उधारीवर माल देतात. परवा मी तिथे बसलो असताना त्याने दोन खोकी बिस्किटे उचलली आणि बिल मामाच्या नावाने करा, असे सांगितले. शेजाऱ्यांनी त्याला थांबवले, त्याचे पूर्ण नाव आणि वडिलांचे नाव विचारून घेतले, वहीत नवे पान काढले आणि बिल त्याच्याच नावाने फाडले. मग त्याला म्हणाले, ‘ही बिले सांभाळून ठेव, एकही फेकू नकोस.’