सोलापूरच्या दप्तरात पणजोबांचा शोध

पूर्वज शोधायला सोलापूर जिल्ह्यात जाणार असाल, तर आधी जन्माच्या नाही, मृत्यूच्या नोंदी बघा. जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत (गाव नमुना 14), जन्म लिहिताना बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी', एवढंच. मेलेला माणूस मात्र नावानिशी भेटतो. सोबत बापाचं नाव, जात, अंदाजे वय आणि मरणाचं कारण.

आजीचे वडील मोहोळ तालुक्यातले. 'आजी रांगत होती तेव्हा ते साथीत गेले', एवढीच माहिती घरात होती. या जिल्ह्याने पटकी, प्लेग, देवी सगळंच पाहिलंय. पण आजीच्या वयाचा हिशेब धरला तर 1918 चा इन्फ्लुएन्झाच जुळत होता. म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देताना गाव आणि सप्टेंबर ते डिसेंबर 1918 एवढंच लिहिलं. नुसतं 'आमच्या घराण्याच्या नोंदी द्या' म्हटलं तर कोणीही काही काढून देऊ शकत नाही.

नोंद सापडली. कारण: ताप. त्या वर्षी इन्फ्लुएन्झाचे मृत्यू सर्रास तापाखालीच लिहिले गेले, त्यामुळे बुकात 'इन्फ्लुएन्झा' शोधत बसू नका. आणि आपली ओळ मिळाली की बुक मिटू नका, हे कळकळीने सांगतो. पणजोबांच्या खालीच चार दिवसांनी त्यांचा धाकटा भाऊ होता, मग त्या भावाची बायको. तिचं नाव नाही, फक्त 'अमक्याची बायको'. या दोघांविषयी घरात कोणालाच काही ठाऊक नव्हतं. त्या महिन्याची पानं उलटताना पणजीने पोरीला कडेवर घेऊन गाव सोडलं आणि सोलापुरात गिरणीची वाट का धरली, ते मला पहिल्यांदा समजलं. गावात तिला आधार द्यायला उरलं कोण होतं?

बुक मोडी लिपीत असतं. वाचता येत नसेल तर मोडी जाणकार आधी गाठून ठेवा. नकला घेतल्यावर शोधाशोध केली तर दुसरी खेप पडते. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली, बरीच स्कॅन झाली, त्यामुळे निघण्याआधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघा. आडनाव क्वचितच असतं, तेव्हा बापाचं नाव पक्कं हवं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, प्रसंग विचारा. सोलापूरकरांकडे 'मार्शल लॉच्या आधी की नंतर?' हा प्रश्न हमखास चालायचा, कारण मे 1930 चा लष्करी कायदा आणि 12 जानेवारी 1931 ला चार हुतात्म्यांना झालेली फाशी शहर विसरलेलं नाही. आमच्या पणजीचं मरण असंच 'फाशीच्या पुढच्या उन्हाळ्यात' म्हणून सापडलं. ती शहरात वारली, त्यामुळे तिची नोंद तहसिलात नाही, महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात.

गाव तुळजापूर-नळदुर्गकडचं असेल तर हिशेब वेगळा. तो मुलूख निजामाचा. कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे तिथलं महसुली साल, असू शकतं. फसलीत साधारण 590 मिळवले की इसवी सन निघतो. अक्कलकोटही संस्थान होतं, तिथली दप्तरं स्वतंत्रपणे विचारा.