जुनी एमएक्स-५ घेतलीत? आधी पाण्याच्या वाटा बघा

महाराष्ट्रात माझदा म्हटलं की डोळ्यासमोर शाळेची स्वराज माझदा मिनीबस येते. इंग्लंडात आलेल्या मराठी माणसाला त्याच नावाची, दोनच माणसं बसणारी, छत मागे टाकता येणारी बुटकी गाडी शेजारच्या दारात दिसते आणि किंमत ऐकून हात शिवशिवायला लागतात. एमएक्स-५ पहिल्यांदा दाखवली गेली १९८९ साली, शिकागोच्या प्रदर्शनात. पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली, दुसरी १९९८ ते २००५. या दोन पिढ्यांचं इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन इतकं सारखं आहे की देखभालीचं बोलणं एकत्रच करता येतं.

नवा मालक पहिल्या आठवड्यात सायलेन्सर आणि स्प्रिंगा शोधू लागतो. त्या थांबू शकतात. ही गाडी इंजिनाने क्वचित मरते, ती पाण्याने मरते.

सुरुवात छतापासून. कापडी छताच्या मागच्या कडेवरून उतरणारं पावसाचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांत जातं आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, गाडीच्या खाली बाहेर पडतं. या नळ्यांत पानं, माती, छताचे धागे साचले की पाणी तिथेच तुंबतं. मग ते एक तर सीटमागच्या गालिच्यात उतरतं किंवा दाराखालच्या पोकळ पत्र्यात, म्हणजे सिलमध्ये, आणि सिल आतून कुजते. छत अर्धं उचलून कोपऱ्यात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. खाली धार लगेच आणि दोन्ही बाजूंना सारखी लागली पाहिजे. थेंब-थेंब येत असेल तर पडदे टांगायची, वरून प्लॅस्टिक असलेली स्प्रिंगची तार हलक्या हाताने फिरवत आत घाला. उघडी लोखंडी तार घालू नका, नळीलाच भोक पडलं की पाणी कायमचं सिलमध्ये. हे काम वर्षातून दोनदा, त्यातलं एकदा पानगळ संपल्यावर.

सिल तपासायची जागा म्हणजे मागच्या चाकापुढचा शेवटचा वीतभर भाग. बोटाच्या पेराने ठोकून बघा. पत्र्याचा आवाज टणटणीत येतो, लांबी भरलेली असेल तर बद्द. लोहचुंबक जवळ ठेवलेलं बरं. दुसऱ्या पिढीत आणखी एक दुखणं आहे: पुढच्या चासीचे रेल, म्हणजे गाडीचा पुढचा भाग पेलणारे लांब पोकळ पत्रे. ते दुपदरी आहेत, दोन पदरांमध्ये ओल आणि मीठ अडकतं आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असताना आतला पत्रा संपलेला असतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. कोकणात समुद्राकाठी पत्र्याचं जे होतं तेच इथे चार महिन्यांत खालून होतं. गाडी घेण्याआधी सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या गाडी-तपासणीचा, जुना इतिहास फुकट वाचा. 'कॉरोजन', म्हणजे गंज, हा शब्द तीन वर्षं सूचनांमध्ये येऊन चौथ्या वर्षी अचानक गायब झाला असेल, तर तिथे वेल्डिंग झालंय की नुसता काळा रंग फासलाय, ते खाली वाकून पाहायचं. जपानहून आलेल्या, युनोस नावाने विकलेल्या याच गाड्या बहुधा पत्र्याला स्वच्छ असतात, पण त्यांना खालून संरक्षक थर नसतो. पहिला हिवाळा यायच्या आत पोकळ भागांत मेण फवारून घ्या.

डिकीत बॅटरी आहे, तीही बघा. मूळ बॅटरी बंद प्रकारची, वायू बाहेर नेणारी नळी असलेली. आधीच्या मालकाने स्वस्तात साधी बॅटरी बसवली असेल तर आम्लाच्या वाफेने आजूबाजूचा पत्रा खाल्लेला सापडेल.

आता दुसरं पाणी, इंजिनातलं. रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची. नवी असताना काळी, मग हिरवट, मग तपकिरी. तपकिरी झाली की ती गळत नसली तरी बदला, कारण ती चिरते तेव्हा एकदम चिरते. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं, एकूण सुमारे ६ लिटर. भरताना गाडीचं नाक उंच ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू. हवा राहिली तर हीटर मध्येच गार वारा देतो, तीच खूण. तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. दुसऱ्या पिढीत तो मुद्दाम आळशी ठेवलाय, बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्येच उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. तेलदाबाचा काटाही १९९५ नंतरच्या गाड्यांत शोभेचाच आहे. दाब आहे किंवा नाही, एवढंच तो सांगतो.

टायमिंग बेल्ट, म्हणजे खालच्या क्रँकने वरचे वॉल्व्ह उघडणारे कॅम फिरवणारा पट्टा, ६०,००० मैलांवर बदला. मैल कमी असले तरी पट्टा किती जुना आहे ते बिलावर शोधा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून चाला. १.६ आणि जुन्या १.८ इंजिनात पट्टा तुटला तरी वॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त रस्त्यात उभी राहते. २००१ च्या सुमारास आलेल्या, वॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या १.८ मध्ये हा भरवसा धरू नका. पट्ट्याबरोबर टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, दोन्ही कॅमचे आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील एकाच वेळी बदला. उघडायची मेहनत तीच आहे, आणि महिन्याभराने एका सीलमधून नव्या पट्ट्यावर तेल पडलं तर सगळं पुन्हा.

या कामात चूक होते ती ताण देताना. खुणा जुळवल्या, टेन्शनर तिथेच घट्ट केला, असं करायचं नसतं. क्रँक नेहमीच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे, १ आणि ५/६ फेरे फिरवायचा, तिथे टेन्शनरचा बोल्ट सैल करून स्प्रिंगला स्वतः ताण घेऊ द्यायचा, मग बोल्ट आवळायचा. नंतर आणखी २ आणि १/६ फेरे हाताने फिरवून खुणा पुन्हा बघायच्या. उलटं फिरवलं तर ढील चुकीच्या बाजूला जाते. ताण जास्त झाला तर इंजिन शिटीसारखं कुंथतं. क्रँकच्या पुलीचा मोठा बोल्ट १५७ ते १६६ न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच; हा आकडा आखूड टोकाच्या क्रँकला लावू नका. अगदी सुरुवातीच्या, साधारण १९९१ पर्यंतच्या १.६ गाड्यांचं क्रँकचं टोक आखूड आहे. पुलीत आठऐवजी चार खाचा दिसल्या तर ती तीच. त्या बोल्टवर जोर लावायच्या आधी जुनी चावी आणि खाच झिजलीय का ते पाहा, कारण तिथे पुली डगमगली की क्रँकच वाया जातो.

तेलांचं सोपं आहे. इंजिनात फिल्टरसह साधारण ४ लिटर, पण भरून झाल्यावर काडी बघूनच ठरवा. फिल्टर इनटेकच्या खाली अशा कोपऱ्यात दडवलाय की हात पोळणार हे गृहीत धरा. पाच गिअरच्या बॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९०, २ लिटर. मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये जीएल-५ प्रतीचं, १.८ ला १ लिटर, पहिल्या १.६ च्या छोट्या डिफरन्शियलला त्याहून कमी. दोन्हीकडे एकच नियम: भरायचा बोल्ट आधी सोडा, मगच रिकामा करायचा. वरचा बोल्ट गंजून अडकलेला असेल आणि खालून तेल काढून बसलात, तर गाडी तिथेच. गाडी चारही घोड्यांवर (जॅक-स्टँडवर) सपाट हवी, नुसतं पुढून उचलून भरलं तर कमी भरतं. जॅक मधोमध लावायचा असेल तर पुढे क्रॉसमेंबरखाली, मागे डिफरन्शियलखाली. जमिनीच्या पत्र्याला लावलेल्या जॅकने चेपलेले रेल अर्ध्याअधिक गाड्यांत दिसतात.

गिअरच्या दांड्याखाली एक छोटी वाटी आहे. तिच्यात वेगळं तेल असतं, जेमतेम ८०-९० मिली, आणि बहुतेकांनी ते कधीच घातलेलं नसतं. दांड्याचे दोन रबरी बूट फाटले की खालची गरम हवा आणि आवाज थेट मांडीपाशी. दोन्ही बूट, थोडं तेल आणि एक दुपार. या गाडीत इतक्या कमी पैशात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. थंडीत पहिली काही मिनिटं दुसरा गिअर जड जातो. जबरदस्ती करू नका, तेल गरम होऊ द्या.

क्लच पेडल खाली गेलं, गिअर पडेना, तर क्लच प्लेट मागवण्याआधी गिअरबॉक्सच्या बाजूचा, तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर बघा. त्याचा रबरी बूट मागे ओढा. आत ओल दिसली की निदान झालं. दोन बोल्टांवर बसलेला स्वस्त भाग आहे. नळीही त्याच वेळी बदला. नवा स्लेव्ह पूर्ण दाब धरू लागला की वरचा, पेडलपाशी दाब तयार करणारा म्हातारा मास्टर सिलिंडर पुष्कळदा थोड्याच दिवसांत हार मानतो, त्याची तयारी ठेवा. ब्रेक आणि क्लचचं द्रव, डॉट-४ प्रतीचं, दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि सिलिंडरला आतून गंज चढवतं. शेवटी तेही पाणीच.

पहिल्या पिढीत इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल गळून गिअरबॉक्सवर उतरत असेल तर गॅरेजवाला 'क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल' म्हणेल. आधी हेडच्या मागच्या टोकाला बसवलेल्या कॅम अँगल सेन्सरचं ओ-रिंग बदला. काही पेन्सांची वस्तू आहे आणि बऱ्याचदा गुन्हेगार तीच. सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागेवर रेघ मारून ठेवा, नाहीतर इग्निशनची वेळ हलते. जोर दिल्यावर गाडी अडखळत असेल तर प्लगच्या वायरी बघा, प्लगबरोबर त्याही बदला. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलेलं दिसलं तर वॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गेलंय. प्लगमधलं अंतर १.१ मिमी.

मागचे ब्रेक करताना नव्या माणसाची एक चूक ठरलेली. पिस्टन आत ढकलायला क्लॅम्प लावतात आणि कॅलिपरची आतली हँडब्रेकची यंत्रणा मोडतात. हा पिस्टन ढकलायचा नसतो. कॅलिपरच्या मागे एक झाकणबोल्ट आहे, तो काढा, आत ४ मिमीची एलन-की घालून घड्याळाच्या उलट फिरवा, पिस्टन आत येतो. नवे पॅड बसवल्यावर उलट दिशेने चाक अडेपर्यंत फिरवा आणि मग तिसरा हिस्सा फेरा मागे घ्या. सरकत्या पिना काढून, घासून, सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवा. जुन्या गाडीचा हँडब्रेक ढिला असण्याचं कारण दहापैकी आठदा केबल नसते, हे समायोजनच असतं.

आता बदल. पहिला टायर. सहा-सात वर्षांपूर्वीचे, खाचा भरपूर पण रबर दगड झालेले टायर या हलक्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ओल्या चौकात फिरवून उभं करतात. बाजूवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. १५ इंची चाकांना १९५/५०, हवा २६ पीएसआय. पंपावरचा माणूस सवयीने ३२ भरतो. ३२ वर ही गाडी उड्या मारते. चाकांची जुळणी ४ बोल्ट, १०० मिमी, मध्यछिद्र ५४.१ मिमी. १७ इंची चाकं छायाचित्रात शोभतात, स्टिअरिंगमधला जीव मात्र काढून घेतात.

दुसरं, व्हील अलाइनमेंट, आणि हे कोणत्याही महाग सस्पेन्शनच्या आधी. चारही चाकांचं कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल, यात बदलता येतं, पण त्यासाठीचे विकेंद्री बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेले असतात. आठवडाभर रोज भेदक तेल मारा, तरी काही कापावेच लागतील. नवे बोल्ट आधी हातात ठेवा. रस्त्यासाठी पुढे उणे १ अंश, मागे उणे १.५ अंश, कॅस्टर (बाजूने बघताना स्टिअरिंगच्या आसाचा मागे कल) ५ अंशांच्या आसपास, टो (वरून बघताना चाकांची दिशा) दोन्हीकडे किंचित आत. चालकाच्या सीटवर तुमच्याइतकं वजन ठेवूनच मोजायला सांगा. दोन माणसांच्या हलक्या गाडीत हा फरक खरा आहे.

मूळ शॉकअबवर नुसत्या आखूड स्प्रिंगा लावणं हा सर्वांत वाया जाणारा खर्च. चाल आधीच कमी आहे, मग गाडी खड्ड्यागणिक बंपस्टॉपवर (चाल संपते तिथल्या रबरावर) आदळते आणि मालक म्हणतो 'स्पोर्टी झाली'. करायचं तर शॉकअबसकट करा आणि २५-३० मिमीच्या खाली नेऊ नका. कॉइलओव्हरच्या (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअबच्या जोडीच्या) आट्यांना गंजरोधक ग्रीस लावा, एका हिवाळ्यात त्या कायमच्या बसतात.

१.६ चे ब्रेक वाढवायचे तर नवे कॅलिपर लागत नाहीत. पुढची डिस्क २३५ मिमीची असते, १.८ ची २५५ मिमीची डिस्क, तिचे ब्रॅकेट आणि पॅड आणले की तुमचेच कॅलिपर त्यावर बसतात. भंगारवाल्याकडे मिळतात.

ताकदीचं शेवटी. बॉनेटखाली उघडा एअर फिल्टर लावला की तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो, वाढतो तो आवाज. खरी ताकद हवी तर टर्बो किंवा सुपरचार्जर, आणि तिथून खर्चाचा धागा सुटत जातो: पहिल्या १.६ चं छोटं डिफरन्शियल आधी तुटतं, मग पाच गिअरचा बॉक्स कुरकुरतो, आणि चौथा सिलिंडर तापतो. त्याचं कारण जुनं आहे. हे इंजिन मुळात आडवं बसणाऱ्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या माझदासाठी केलेलं, पाणी मागून बाहेर पडणारं. एमएक्स-५ मध्ये तोंड पुढे आणलं आणि मागच्या सिलिंडरकडचा प्रवाह मंदावला. टर्बो लावणारे म्हणूनच पाण्याचं तोंड पुन्हा मागे नेतात. रोजच्या वापराला याची गरज नाही.

केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवा, चाकंसुद्धा. एअरबॅगवालं मूळ स्टिअरिंग काढून लाकडी लावलं तर एमओटीत गाडी नापास होऊ शकते. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून खोक्यात ठेवा. पुढचा गिऱ्हाईक त्या खोक्याचे वेगळे पैसे देतो.