मीठ, सॉल्ट आणि गाइडमधली यादी

ऐरोलीत मी संध्याकाळी नववी-दहावीच्या पोरांचं इंग्लिश घेते आणि दरवर्षी एक गोष्ट बघून जीव तुटतो, वाक्प्रचारांचं पान आलं की पोरं गाइडमधली यादी घोकायला बसतात, डावीकडे इडियम उजवीकडे अर्थ, आणि पेपर झाला की पाटी कोरी. माझं मत पक्कं आहे, यादी बाजूला ठेवायची आणि घरातला एकच शब्द धरून त्याच्या मागची वस्तू काय आहे ती आधी बघायची. यंदा मी सॉल्ट घेतला. मीठ आपल्या भागातलंच आहे ना, ठाण्याहून दादरकडे जाताना भांडुप-कांजूरला पूर्वेच्या बाजूला मिठागरांच्या जमिनी दिसतात आणि उरणकडे तर कित्येक आगरी घरांचं पोट त्याच्यावरच चालायचं.

सुरुवात सोप्यापासून केली. रब सॉल्ट इन द वूंड म्हणजे सरळ आपलं जखमेवर मीठ चोळणे, अर्थही तोच. पण पोरांना ते नुसतं वाक्य वाटतं म्हणून आमच्या सोसायटीतल्या आजींना वर्गात बोलावलं, त्यांचं माहेर उरणकडचं आणि लहानपणी त्या वडिलांबरोबर मिठागरात जायच्या. त्यांनी सांगितलं की भरतीचं पाणी आत घ्यायचं, ते एका खाचरातून दुसऱ्या खाचरात सोडत उन्हात आटवायचं, खडे धरायला लागले की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून बांधावर ढीग लावायचे, आणि हे सगळं अनवाणी. पायाला भेगा पडलेल्या आणि त्या भेगांत खारं पाणी. "चोळायला कशाला लागतंय गो, ते आपोआपच आत शिरतं," असं त्या म्हणाल्या आणि वर्ग एकदम गप्प झाला. आता हा इडियम कोणी विसरेल असं मला वाटत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट, अमेरिकन लोक ग्रेन ऑफ सॉल्ट म्हणतात, म्हणजे ऐकलेलं सगळं जसंच्या तसं खरं मानू नका. याचा माग रोमन लेखक प्लिनीपर्यंत नेतात. पहिल्या शतकात त्याने मिथ्रिडेटिस राजाचा विषावरचा उतारा लिहून ठेवलाय, दोन सुके अक्रोड, दोन अंजीर, सताप नावाच्या वनस्पतीची वीस पानं एकत्र कुटायची आणि वर मिठाचा एक कण, उपाशीपोटी घेतलं की त्या दिवसापुरती विषाची भीती नाही. तिथे मीठ खरोखरचं मीठच आहे, संशयाचा अर्थ खूप नंतर आला. आणि गंमत बघा, आपल्याकडे सांगणारा तिखटमीठ लावून सांगतो आणि त्यांच्याकडे ऐकणारा मीठ लावून ऐकतो! मी पोरांना हे असंच जोडीने लक्षात ठेवायला सांगते, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कुठल्याही फॉरवर्डला दोन्ही लागू पडतात.

पण सगळीकडे अशी जोडी लावता येत नाही आणि मार्क जातात ते इथेच. वर्थ हिज सॉल्ट दिसलं की हात वर, "मॅडम, खाल्ल्या मिठाला जागणारा!" नाही रे बाबांनो. मिठाला जागणं म्हणजे इमान, ज्याचं खाल्लं त्याच्याशी प्रामाणिक राहणं. वर्थ हिज सॉल्ट म्हणजे आपल्या कामात तयार असलेला, घेतलेल्या पगाराचं चीज करणारा. एखादा प्लंबर कामात एकदम पक्का असेल पण मालकाशी इमान ठेवणारा नसेल, तरी तो वर्थ हिज सॉल्टच. यातच रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा अशी गोष्ट सगळीकडे फिरत असते, ती मी शिकवत नाही. सॅलरी हा शब्द लॅटिन सालारियमवरून आला आणि त्यात साल म्हणजे मीठ आहे इथपर्यंत बरोबर, पण पगाराऐवजी मिठाची पोती वाटल्याचा भक्कम पुरावा जुन्या लेखनात नाही.

बाकीचे भराभर झाले. सॉल्ट ऑफ द अर्थ बायबलमधला, मत्तयच्या पाचव्या अध्यायातला, अर्थ साधासरळ आणि भला माणूस, पृथ्वीचं मीठ असं भाषांतर कृपा करून लिहू नका. ओल्ड सॉल्ट म्हणजे समुद्रावर आयुष्य काढलेला खलाशी. सॉल्ट अवे म्हणजे पैसे गुपचूप साठवून ठेवणं, मांस-मासे मीठ लावून टिकवायचे त्यावरून, आणि हे सुक्या बोंबलाच्या घरातल्या पोरांना समजावून सांगावंच लागलं नाही. बिलो द सॉल्टला मात्र जरा थांबले, जुन्या इंग्लंडात मोठ्या जेवणाच्या टेबलावर मिठाचं भांडं ठेवायचे, मानाची माणसं त्याच्या वरच्या बाजूला बसायची आणि बाकीची खाली, पंगतीत कोण कुठे बसणार यावरून रुसवेफुगवे बघितलेल्या पोरांना ते लगेच कळलं. आणि सॉल्टी म्हणजे हरल्यावर चिडलेला, हे त्यांनी मलाच सांगितलं, गेम खेळताना दिवसभर बोलतात म्हणे.

पुढच्या आठवड्यात ब्रेड घेणार आहे आणि त्यावरून वाद आत्ताच सुरू झालाय, ब्रेड अँड बटरला मीठभाकर म्हणायचं की नाही. मी नाही म्हणतेय, कारण ब्रेड अँड बटर म्हणजे नुसतं पोटापाण्याचं साधन, मीठभाकरीत गरिबी आहे आणि "या, आमची मीठभाकर गोड मानून घ्या" म्हणणारं आदरातिथ्यही आहे. मागच्या बाकावरच्या दोघींना हे अजून पटलेलं नाही.