दोन दिवसांचा ब्रेक

नाशिकमधल्या काही हॉस्पिटलांचं आणि दोन-तीन शाळांचं पगार, पीएफ, ईएसआयचं काम मी बघतो. १५ तारखेच्या आत चलन भरून झालं की उरलेला महिना फोन घेण्यात जातो. २१ नोव्हेंबर २०२५ला चारही कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हापासून तर विचारूच नका.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबई नाक्याजवळच्या एका डॉक्टरांचा फोन आला. आयसीयूच्या सीनियर सिस्टर मार्चअखेर सोडून गेल्या होत्या आणि त्यांनी ग्रॅच्युइटी, म्हणजे सलग नोकरीबद्दल सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मागितली होती. "अहो, त्यांची ११ महिन्यांची ऑर्डर आहे. सलग पाच वर्षांची अट राहू द्या, नव्या कायद्यातलं एक वर्षही भरत नाही. बरोबर ना?"

मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला आता वर्षभरानंतरही ग्रॅच्युइटी लागू होते, एवढंच त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं. औषधाच्या घडीपत्रकातला बारीक टाईपही वाचणारी ही माणसं कायद्याची दुसरी ओळ मात्र वाचत नाहीत. शाळावाल्यांचंही तेच. शिक्षकांना ग्रॅच्युइटी देणारी दुरुस्ती २००९ची, लागू ३ एप्रिल १९९७पासून, सर्वोच्च न्यायालयाने ती २०२२मध्ये कायम केली, तरी गंगापूर रोडवरचे एक विश्वस्त मला अजून विचारतात, "शिक्षक कामगार थोडेच असतात?"

"फाईल बघून सांगतो," म्हणालो. लगेच उत्तर द्यायला जीभ वळेना, कारण त्या ऑर्डरी मीच टाईप केलेल्या. ११ महिने, दोन दिवस ब्रेक, पुन्हा नवी ऑर्डर. मसुदा माझ्या जुन्या साहेबांचा. मी नाव आणि तारखा बदलत आलो.

सिस्टर रुजू झाल्या १६ ऑगस्ट २०१७ला. ऑर्डरी दहा, ब्रेक नऊ. मी पीएफचे जुने ईसीआर, म्हणजे दर महिन्याला भरायची विवरणपत्रं, काढली. त्यात एनसीपी म्हणून बिनपगारी दिवसांचा रकाना असतो. ब्रेकच्या नवही महिन्यांत तिथे शून्य. मेंबर आयडी तोच, नोकरी सोडल्याची तारीख कुठेच भरलेली नाही. म्हणजे एका हाताने मी ब्रेक देत होतो आणि दुसऱ्या हाताने, त्याच टेबलावरून, सेवा सलग असल्याचं सरकारला दर महिन्याला कळवत होतो!

मस्टरवर त्या दिवसांना साप्ताहिक सुट्टी मारलेली. लागोपाठ दोन? आयसीयूत? मला शंका आली. इन्चार्ज सिस्टरना सांगून माळ्यावरची रिपोर्ट बुकं काढायला लावली. शिफ्ट बदलताना ओव्हर, म्हणजे पेशंटांचा ताबा, देतात-घेतात, त्याच्या सह्या त्यात असतात. चौथा ब्रेक २२ आणि २३ एप्रिल २०२१चा. आदल्याच दिवशी महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन गळतीने माणसं गेली होती. गावभर बेड शोधत फिरणारी ती गर्दी आठवते ना? दोन्ही रात्री ओव्हर घेतल्याची सही सिस्टरांचीच. शेजारी प्रत्येक बेडचं सॅच्युरेशन, आणि खाली सॅनिटायझरने फुगलेला शाईचा डाग.

खरं तर त्या घरी बसल्या असत्या, तरी फरक पडला नसता. कामगाराच्या चुकीशिवाय काम थांबलं तर सेवा तुटत नाही, हे १९७२च्या कायद्यातही होतं आणि नव्या संहितेतही आहे. म्हणजे माझा ब्रेक पहिल्या दिवसापासून नुसता कागद होता.

हिशेब केला. पगार ३०,०००, त्यात मूळ आणि महागाई मिळून १३,०००. बाकी घरभाडं, प्रवास, धुलाई अशी फोड. ही फोडही माझीच. आता वेतनातून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनात धरायचा, म्हणून वेतन १५,०००. त्याला १५ने गुणायचं, २६ने भागायचं. मग सेवेच्या वर्षांनी गुणायचं: आठ वर्षं साडेसात महिने, म्हणजे हिशेबाला नऊ वर्षं. ७७,८८५ रुपये, ३० दिवसांत द्यायचे.

डॉक्टरांना आकडा टोचला नाही. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आणि बाकीच्या अठरा जणींचं काय?" माणूस वाईट नाही, कोविडमध्ये एकीचाही पगार थांबवला नव्हता. पण पुढचं वाक्य होतं, "ब्रेक दोन दिवसांऐवजी महिन्याचा केला तर?"

"सर, महिनाभर आयसीयू कोण बघणार?" एवढंच मी म्हणालो. खरं तर सरळ "नाही" म्हणायला हवं होतं.

अर्जावर सही करायला सिस्टर ऑफिसात आल्या तेव्हा मी ब्रेकबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "कसला ब्रेक? वर्षातून एकदा कागद यायचा. ड्यूटी संपता संपता सही करायचे मी."

तसेच मसुदे अजून चार हॉस्पिटलांत चालू आहेत. त्यातल्या एकाची ऑर्डर याच महिन्यात संपते. तिथल्या मॅनेजरचा काल मेसेज आला, "नेहमीसारखी पाठवा." मी अजून उत्तर दिलेलं नाही.